काळी चारची केशर

१२ जानेवारी, रविवार

आज चारचौघांत दादाची चूक काढली. मला वाईट वाटलेलं नाही.

पिरंगुटला बारशाचा कार्यक्रम होता. गायन पार्टी दादाची, म्हणजे खरं तर आबांची, आमच्या वडिलांची. आबा गेले त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून तो आपली समजतो. आबांच्या पेटीच्या जागी त्यानं कीबोर्ड आणला. स्वतः वाजवतो, स्वतः गातो, मध्येच पाव्हण्यांची नावंही घेतो. मी पुढच्या सतरंजीवर बसले होते. त्यानं बँजोवाल्या किशोरला माइकवरूनच सांगितलं, "पांढरी पाच घे," आणि सूर दिला.

तो सूर काळी चार होता.

आमच्यात सुराला पेटीच्या पट्टीचं नाव असतं. काळी चार म्हणजे चौथी काळी पट्टी. तिच्या एक घर खाली, डाव्या अंगाला, पांढरी पाच. लोक पोरांना रंग शिकवतात तसे आबांनी मला हे सूर शिकवले. त्यातही काळी चार हा आईचा सूर. मुळशी तालुक्यात तिला काळी चारची केशर म्हणायचे. दुसरं काही चुकेल, तो सूर मी चुकणार नाही.

मी मोठ्यानं म्हणाले, "दादा, ही पांढरी पाच न्हाई. काळी चार हाय."

बायका हसल्या. दादानं कीबोर्ड लोकांकडं वळवला. "बघा रं, बोट कुटं हाय ते."

"बोट तितंच हाय. ट्रान्सपोज लावलंय तू." ते एक बटण असतं. ते दाबलं की बोट एका पट्टीवर राहतं आणि सूर दुसराच वाजतो. आबा त्याला लबाडीचं बटण म्हणायचे.

"शून्यावर हाय बटन. येऊन बघ."

मी उठले नाही.

घरी आल्यावर तो ओट्यावर उभा राहूनच बोलला. "लई कान हाय न्हवं तुला? मग पेटी सोडून वळखून दाव. क्लॅरिनेट, बँजो, घंटा, जे हाताला लागंल ते. दहा सूर. सात आलं तर आबाच्या जागी तू बस, मी नुस्ता गाईन. न्हाई आलं तर सुराबद्दल परत त्वांड उघडायचं न्हाई. कंदीच."

तारीख ठरली, २३ मार्च. आबांच्या जागी बसायचं मी बारा वर्षांची असल्यापासून मनात धरून आहे. आज एकतीस पूर्ण झाली आहेत.

आई तांदूळ निवडत होती. "कशाला पायजे ही थेरं," एवढंच म्हणाली. बघत माझ्याकडं होती, दादाकडं नाही.


१५ जानेवारी

पेटीकडं पाठ करून भाचीला पट्ट्या दाबायला लावल्या. वीसपैकी वीस.

मग फोनवर क्लॅरिनेट लावून ओळखायला बसले. दहापैकी तीन. बासरीचे दोन. दादाला हे ठाऊक असणार, म्हणून तर त्यानं पेटी सोडून म्हटलं. पेटीचा सूर मला माणसाच्या चेहऱ्यासारखा ओळखू येतो. क्लॅरिनेटवर तोच सूर म्हणजे तोच माणूस हेल्मेट घालून आलेला.

पद्धत ठरवली. रोज एक आवाज घ्यायचा. आधी नाव वहीत लिहायचं, मग पेटीवर ताडून बघायचं. आधी ताडून मग लिहायचं नाही. स्वतःशी लबाडी करायची असेल तर दादाची पार्टी आहेच.


१९ जानेवारी

कंपनीतल्या मुलीनं सूर दाखवणारं ॲप दिलं. घरी येऊन काळी चार दाबली. फोन म्हणतो पांढरी पाच. काळी पाच दाबली, तर पांढरी सहा. सगळं एकेक घर खाली. हा फोन गेल्या पावसाळ्यात पाण्याच्या पिंपात पडला होता, तेव्हापासून पलीकडच्यालाही माझा आवाज घोगरा येतो म्हणतात. ॲप काढून टाकलं. आबांच्या पेटीपेक्षा भिजलेल्या फोनवर विश्वास ठेवायला मी रवीदादा नाही.


२ फेब्रुवारी

आता थांबवत नाही. स्टोअरमध्ये माल उतरवून घेताना कंप्रेसर काळी दोनमध्ये घरघरतो. पौडच्या बसचा ब्रेक लागतो तेव्हा पांढरी सात, मग खाली घसरतो. आमच्या कुकरची शिट्टी ठाम नाही, तिला सोडून दिलं. सगळ्यात पक्की कोपऱ्यावरची विजेची डीपी. दिवसरात्र काळी चारात घुमते, अगदी आईच्या सुरात. सकाळी कामाला निघताना डीपीखाली उभी राहते, सूर कानात भरून घेते, मग बस धरते. बसस्टॉपवरचे बघतात. बघू देत.

क्लॅरिनेट दहापैकी सहा.

संध्याकाळी घरी आले तर पेटी जागेवर नाही. आईनं ट्रंकेत घालून कुलूप लावलेलं.

"जुनी हाय. मोडंल," म्हणाली.

"आबांनी पंचवीस वर्षं वाजवली. मोडली न्हाई."

"त्येंचा हात वेगळा व्हता."

"दादाच्या बाजूनं हायेस तर तसं सरळ सांग."

तिनं गळ्याभोवतीचा पदर सारखा केला आणि पीठ मळायला घेतलं. मी कडी उचकटून पेटी काढली. आई बघत होती, अडवलं नाही. रात्री जेवताना मला वाढलं नाही, मी घेतलं.


१६ फेब्रुवारी, रविवार

माले गावाला कोंडिबाकाकांकडं गेले. त्यांनी आबांबरोबर पंचवीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं, अजूनही पार्टीत आहेत. गोठ्याच्या पायरीवर बसून त्यांनी सूर काढले, मी पाठ करून नावं सांगितली. ते बरोबर-चूक काहीच सांगेनात.

दहा झाल्यावर म्हणाले, "एकसारखं सांगतीस गं पोरी. कुटं शिकलीस?"

"आबांच्या पेटीवर. दुसरीकडं कुटं?"

ते उठले. म्हशीला वैरण टाकली, परत आले, क्लॅरिनेटची पाती पुसत बसले.

"तुज्या आईला इचार येकदा," म्हणाले.

"काय इचारू?"

"इचार, बास."

यांचंही तेच. एकतिसाव्या वर्षी पेटीवर बसायला मी आईची परवानगी काढू? दादाला कुणी सांगितलं होतं आईला विचार म्हणून? चहा न घेता निघाले.

सगळं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. घरी येऊन पेटीवर ताडलं. दहापैकी नऊ. काकांना तोंडानं सांगायला जड गेलं असेल.


८ मार्च

पौडला महिला दिनाचा कार्यक्रम. दादा सकाळी आईला मनवायला आला. "येक गानं म्हन. लोक इचारत्यात. तुजी काळी चार देतो, काय पायजे आनखी?"

"त्या डब्यावर मी गानार न्हाई."

"आबा व्हते तवा गायचीस. आता माज्यासंगं का गाईना झालीस? मी काय पाप केलंय?"

"सांगितलं न्हवं, त्या डब्यावर न्हाई."

दादाचं तोंड पडलं. आबा गेल्यापासून ती एकदाही गायलेली नाही. मला बरं वाटलं, खोटं का लिहू. ती माझ्या बाजूची नसली तरी निदान त्याच्याही बाजूची नाही.


१९ मार्च

क्लॅरिनेट दहा. बासरी दहा. बँजो नऊ. माउथ ऑर्गन नऊ. विहाराची घंटा ओळखली, दोन्ही वेळा. स्टीलच्या पेल्यावर चमचा मारला तरी नाव समोर येतं, शोधावं लागत नाही. हेल्मेट काढल्यासारखं झालंय.

दादाचा कीबोर्ड मात्र भिंतीपलीकडून अजून लबाडच ऐकू येतो. काल किशोरला सांगत होता काळी एक, वाजत होती पांढरी दोन. बटण शून्यावर म्हणे.


२३ मार्च, रविवार

दहापैकी शून्य.

लिहायचं नव्हतं. पण वहीत फक्त चांगले दिवस लिहायचे तर ती दादाच्या पार्टीची जाहिरात होईल.

विहारात बसलो होतो. पार्टीतले सहाजण, शेजारपाजारचे, आई भिंतीला टेकून. दादानं माझ्या डोळ्यांवर स्वतःचा रुमाल बांधला. प्रत्येक सुराचं नाव आधी कागदावर लिहून मग वाजवायचा, कागद आईजवळ द्यायचा, असं ठरलं. आईजवळ देऊ नका, मी म्हणाले. मग किशोरजवळ दिला.

पहिला क्लॅरिनेट. मला एवढा सोपा सूर देतील असं वाटलं नव्हतं.

"काळी चार."

"पांढरी पाच," किशोरनं वाचलं.

मागं कोणीतरी म्हणालं, "ह्याच सुरावर बारशात अडली व्हती की." हशा.

दुसरा बँजो. "पांढरी दोन." "काळी एक." तिसरा घंटा. चौथा माउथ ऑर्गन. मी प्रत्येक नाव क्षणभरही न थांबता सांगितलं आणि प्रत्येक वेळी किशोर दुसरंच वाचत गेला. सहाव्यानंतर हसणंही थांबलं. मला वाटलं हे सगळे मिळालेत. सातव्याला मी रुमाल ओढून काढला आणि कागद हिसकावला. दादाच्या अक्षरात नीट लिहिलं होतं.

"कीबोर्डवर ताडून बघ की," दादा म्हणाला. "बटन बघ. तवा आली न्हाईस, आता ये."

गेले. शून्यावर होतं.

"उरलेलं तीन वाजवू, का पुरं?"

"वाजव," मी म्हणाले. तीनही चुकले.

दादा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. रुमालाची घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "आता सुराचं नाव काढायचं न्हाई."

कोंडिबाकाका क्लॅरिनेट खोक्यात ठेवता ठेवता म्हणाले, "रवी, दहाच्या दहा चुकली खरं. पन समदी येकाच घरानं चुकली. आंधळा दगड मारतो तवा असं व्हतंय का?"

"काका, चुकली ती चुकली."

काकांनी आईकडं पाहिलं. आई उठून चपला शोधायला लागली.


२४ मार्च

सुट्टी टाकली. डीपी घुमतेय. काय नाव तिचं, मला माहीत नाही.


२९ मार्च, शनिवार

पेटी विहाराला देऊन टाकायची ठरवलं. द्यायच्या आधी आतून पुसावी म्हणून वरची फळी काढली. आबांची पेटी साधी, सुरांची एकच ओळ. प्रत्येक पट्टीखाली एक घर, घरात पितळेचा एक सूर, आणि सुरावर कारागिरानं कोरलेला आकडा. पाच-सहा वर्षांची असताना मी हे आकडे बोटानं चाचपायची, एक ते एकोणचाळीस.

पहिल्या घरातल्या सुरावर आकडाच नाही. पितळ नवं, वेगळ्या रंगाचं. दुसऱ्या घरात एक. तिसऱ्यात दोन. शेवटच्या घरात अडतीस.

एकोणचाळीस नंबरचा सूर कोपऱ्यात सापडला, कागदात गुंडाळून खिळ्याला अडकवलेला. कागद पुण्यातल्या दवाखान्याची औषधांची चिठ्ठी. केशरबाई आबा गायकवाड. तारीख २००१च्या सप्टेंबरची. आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची. मी सात वर्षांची होते; आबांनी मला सूर शिकवायला घेतले ते त्यानंतर.

म्हणजे प्रत्येक सूर एक घर वर सरकवलेला. काळी चार दाबली की पांढरी पाच वाजते. फोन खरं बोलत होता. बारशात दादाही.

चिठ्ठी घेऊन चुलीपाशी गेले. आई भाकरी थापत होती. चिठ्ठी बघितली आणि थापत राहिली.

"तुला म्हाईत व्हतं," मी म्हणाले.

"व्हय."

"कुनी केलं हे?"

"त्येंनी. आवाज उतरला व्हता माजा. काळी चार चढंना. पांढरी पाच मागितली तर लोक म्हनले असते, केशर सपली. त्येंनी काय बी इचारलं न्हाई. दोन दिस पेटी खोलून बसलं, आन मला म्हनलं, आता माग काळी चार."

"कोंडिबाकाकांना ठाव हाय?"

"त्येंच्या बोटाला कळल्याबिगार ऱ्हाईल व्हय. चोवीस वर्सं गप हायेत."

"आन मी दोन महिनं शिकत व्हते. तू ऐकत व्हतीस."

"व्हय."

"परवा विहारात भिंतीला बसून ऐकत व्हतीस."

"व्हय."

"एक शब्द बोलली असतीस तर माझी जागा गेली नसती, आई."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "बोलले असते तर गावभर केलं असतंस. बारशात भावाचं केलंस तसं."

भाकरी न खाता बाहेर आले. ओट्यावर बसून हे लिहितेय. बारशाचं ती म्हणाली ते खरं आहे, याचाच जास्त राग येतोय.


३१ मार्च

दादाला पेटी उघडून दाखवायची, एवढं एकच काम. दहाच्या दहा बरोबर होते, पेटीनं नाव चुकीचं शिकवलं. तो मान्य करील. मी घातलेला लबाडीचा आळ सोडला तर त्याच्यात खोट नाही. जागा मला मिळेल.

आणि तो आईला विचारील, माइकवर नाही, पण विचारील. किशोरला कळेल. किशोरला कळलं की पौडपर्यंत कळेल.

कळू दे. तिनं माझा विचार केला का?

फळी परत बसवली. स्क्रू घट्ट केले. का केले ते माहीत नाही. उद्या उघडता येतील.


६ एप्रिल, रविवार

दादा दुसरी संधी द्यायला तयार नव्हता. कोंडिबाकाकांनी सांगितलं की पोरीला परत बसवल्याशिवाय पौर्णिमेला मी फुंकणार नाही, तेव्हा वळला.

तोच रुमाल. यावेळी त्यानं माझा फोन घेऊन खिडकीत ठेवला. रस्ताभर सराव करत गेले होते: जे नाव आधी येईल ते तोंडातच धरायचं, एक घर उतरायचं, मग बोलायचं. सोपं नाही. आईला आई न म्हणता दुसऱ्या नावानं हाक मारण्यासारखं आहे.

क्लॅरिनेट. "पांढरी तीन." किशोरनं वाचलं, "पांढरी तीन." बँजो. "काळी पाच." "काळी पाच." घंटा. माउथ ऑर्गन. दादानं आपली चावी लोखंडी खांबावर मारली, तो सूर तेवढा चुकला. नऊ.

कोणी टाळी वाजवली नाही.

"पंधरा दिसांत काय गिळलंस?" दादा म्हणाला.

"सराव केला."

"दोन महिन्यांत शून्य आन पंधरा दिसांत नऊ. कुनी खुनावलं? काकानं?"

"तूच डोळं बांधलंस."

"सांग की मंग कसं आलं."

आई आजही भिंतीलाच होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. जीभ दातांपर्यंत आली होती माझी.

"सराव केला," मी म्हणाले.

"चोरी हाय कुटंतरी. सापडली मंजी उठवीन," दादा म्हणाला, आणि कीबोर्डवरची चादर काढून माझ्या अंगावर टाकली. जागा अशी मिळाली.


२० एप्रिल

जयंतीचे तीन कार्यक्रम झाले. माझ्याशी किशोर एक-दोन शब्द बोलतो, बाकीचे तेवढंही नाही. त्यांच्या लेखी मी चोरून बसलेली. कोंडिबाकाका म्हणाले, "तुज्या आबाचा गुन उतरला तुज्यात." मी म्हणाले, आबांचं नाव काढू नका. त्यांनी मला बिघडलेली पेटी देऊन सूर शिकवले. काका म्हणाले, "बिघडलेली न्हवती ती."


१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. माल्याच्या विहारापुढं मांडव, संध्याकाळी सहाला सुरुवात. चार गाणी झाली. मग पुढं बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी आईला धरलं. "केशर, मरायच्या आधी येकदा ऐकव गं." आई नको नको म्हणत होती. त्यांनी तिला दंडाला धरून उभी केली. दादानं माइक पुढं केला. पौडच्या दिवसापासून त्यानं तिला गायला सांगितलेलं नाही. माइक धरलेला हात अर्धवट पुढं, ती नाही म्हणाली तर पटकन मागं घेता यावा असा.

आईनं माइक घेतला. लोकांकडं बघून म्हणाली, "काळी चार."

माझ्याकडं बघितलं नाही.

बोट कीबोर्डच्या काळी चारवर ठेवलं होतं. खरी काळी चार. दाबली असती तर पहिल्या ओळीत तिचा आवाज फाटला असता, आणि तो का फाटला हे मला कुणाला सांगावंही लागलं नसतं. मार्चमध्ये विहारात ती भिंतीला बसली होती तशी मी इथं बसले असते, एवढंच.

मी पांढरी पाच दाबली.

कोंडिबाकाकांनी वर न बघता क्लॅरिनेट तोंडाला लावलं. किशोरनं बोटं माझ्या सुराशी जुळवून घेतली. आई गायली. आवाज जुना राहिलेला नाही, कडेला खरखर आहे. पण कुठं फाटला नाही. म्हाताऱ्या रडल्या. दादाही.

हे मी तिच्यासाठी केलेलं नाही. कार्यक्रम बिघडला असता, आणि नाव माझ्या हाताचं गेलं असतं.

परतताना टेम्पोत दादा पुढून वळून म्हणाला, "बघ आई, डब्यावर बी काळी चार तीच लागती. उगा तीन वर्सं छळलंस मला."

"व्हय, तीच," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "पुढच्या टायमाला बी हीच दे."

मी कीबोर्डवरची चादर सारखी केली.

दादाला सांगायला हवं की बारशाच्या दिवशी त्याची पांढरी पाच बरोबर होती. ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागेल. तेव्हा तो मला चोर समजत राहणार आणि मी त्याला समजू देणार. जानेवारीचं ते पान खोडायला घेतलं होतं. राहू दिलं.